ग्रोथ कर्व्हच्या डेटासाठी फुकट सॉफ्टवेअर: कोणतं घ्यावं आणि त्याच्या उत्तरावर कधी विश्वास ठेवावा

प्रश्न असा आहे. एका कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचा प्रकल्प चालू आहे. दुसऱ्या संस्थेच्या प्लेट रीडरवर ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट चोवीस तास लावली, दर दहा मिनिटांनी ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे कल्चर किती गढूळ झाली याचं माप) घेतली. आता हातात १४५ ओळी आणि ९६ रकाने, म्हणजे १३,९२० आकडे आहेत. विकतचं सॉफ्टवेअर परवडणारं नाही, कोडिंग येत नाही. स्पेसिफिक ग्रोथ रेट (वाढीचा वेग), लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा काळ) आणि प्रबंधात घालता येतील असे आलेख हवे आहेत. शिवाय कॉलेजात स्वतःचा फक्त कलरीमीटर आहे, त्याच्या रीडिंगचं काय करायचं, हेही विचारलं आहे.

थोडक्यात उत्तर आधी देते. वीस-पंचवीस वेलच असतील तर लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल पुरतं, आणि एकदा तरी सगळं गणित त्यात हाताने करून बघावंच. पूर्ण प्लेट असेल आणि कोड लिहायचा नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं डॅशिंग ग्रोथ कर्व्ह्ज घ्या, किंवा आर या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेवर चालणारं पण बटणांनी वापरता येणारं क्यूयूआरव्हीई (हे नाव शोधताना क्यू, यू, आर, व्ही, ई अशी सलग अक्षरं टाका, उच्चार ‘कर्व्ह’). आर शिकायची तयारी असेल तर ग्रोथरेट्स हे पॅकेज, आणि आलेखांसाठी जीजीप्लॉट-२. सीएफयूचे (प्लेटवर वाढलेल्या कॉलनींवरून मोजलेले) आकडे असतील तर डीएमफिट. ग्रोथकर्व्हरचं नाव तुम्ही सगळ्यांत जास्त ऐकलं असेल. ते चांगलं आहे, पण पहिलं म्हणून मी ते सुचवत नाही. कारण खाली येईल. एक्सेल सोडलं तर ही सगळी फुकट आहेत.

आता खरी अडचण. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या जवळपास कुठल्याही आकड्यांतून ग्रोथ रेट काढून देतं. ज्या वेलमध्ये एकही जिवाणू नाही, फक्त झाकणाला दव धरल्यामुळे ओडी हललेली आहे, त्याचाही रेट निघतो, तोही चार दशांश स्थळांपर्यंत. त्यामुळे कोणतं सॉफ्टवेअर निवडलं यापेक्षा त्यात काय घातलं आणि कोणती राशी मागितली, यावर निकाल जास्त ठरतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांमध्ये चुकीचं सॉफ्टवेअर निवडल्यामुळे बिघडलेले निकाल क्वचित दिसतात. ब्लँक, म्हणजे जिवाणू नसलेल्या द्रवाचं वजा करायचं रीडिंग, चुकल्यामुळे बिघडलेले सतत दिसतात.

म्हणून ब्लँकपासून सुरुवात करू. समजा नुसत्या ब्रॉथची (जिवाणू वाढवण्याच्या द्रवाची) ओडी ०.०९ आहे आणि पेशींमुळे येणारी ओडी दर वीस मिनिटांनी दुप्पट होते आहे: ०.०१, ०.०२, ०.०४, ०.०८. रीडर दाखवेल ०.१०, ०.११, ०.१३, ०.१७. ब्लँक वजा न करता यांचे लॉग घेतले तर तासाभरात वाढ जेमतेम १.७ पट दिसेल, प्रत्यक्षात ती ८ पट आहे. उलटी चूकही तितकीच सर्रास होते. वेगळा ब्लँक ठेवला नाही म्हणून त्या वेलमधलंच सर्वांत कमी रीडिंग, इथे ०.१०, वजा केलं, तर उरतं ०, ०.०१, ०.०३, ०.०७. आता तीच कल्चर वीस मिनिटांत तिप्पट होताना दिसते आणि जनरेशन टाइम (दुप्पट व्हायला लागणारा वेळ) वीसऐवजी साडेबारा मिनिटं निघतो. इनॉक्युलममधल्या (सुरुवातीला घातलेल्या) पेशीच आपण वजा करून टाकल्या, त्याचा हा परिणाम. ग्रोथकर्व्हरला काहीच सांगितलं नाही तर ते हीच किमान रीडिंग वजा करण्याची पद्धत वापरतं. त्याचं समीकरण साध्या स्केलवर बसतं म्हणून फटका थोडा कमी बसतो, पण तेच आकडे पुढे लॉग आलेखासाठी वापरले की सुरुवातीचा सगळा भाग वाकडा होतो. त्यात ‘ब्लँक’ नावाचा रकाना देऊन ती पद्धत निवडता येते. ती निवडाच.

आपल्याकडच्या प्रकल्पांसाठी इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कडुनिंब, तुळस, हळद यांच्या अर्काचा जिवाणूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, असे विषय दरवर्षी असतात. अर्काला स्वतःचा रंग असतो, गढूळपणा असतो, आणि ब्रॉथमध्ये काही वेळाने साकाही बसतो. अशा वेळी नुसत्या ब्रॉथचा एकच ब्लँक सगळ्या प्लेटला लावून चालत नाही. प्रत्येक तीव्रतेसाठी अर्क आणि ब्रॉथ असलेला, पण जिवाणू नसलेला वेगळा ब्लँक हवा, तोही चोवीस तास प्लेटमध्येच. त्याची ओडी वेळेबरोबर बदलत असेल तर त्या-त्या वेळेचं रीडिंग वजा करायचं, सुरुवातीचं एकच नाही. हा ब्लँक नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर तो डेटा वाचवू शकत नाही, प्रयोग पुन्हा करावा लागतो. रंगाचा प्रश्न जिवाणूंमुळेही येतो. सेराशिया मार्सेसन्सचा लाल प्रॉडिजिओसिन ५३५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. ती कल्चर ५३० च्या फिल्टरवर मोजली तर वाढ किती आणि रंग किती हे सांगता येणार नाही. ६०० किंवा त्यापुढचा फिल्टर घ्या.

फाइल सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याआधी वेळेचा रकाना पाहा. रीडर वेळ ०:१०:०० अशी लिहितो. एक्सेलच्या आत ती दिवसाचा अंश म्हणून साठवलेली असते, त्यामुळे तास हवे असतील तर २४ ने गुणून साधी संख्या करायची. प्रयोग चोवीस तासांपुढे गेला असेल तर घड्याळी फॉरमॅटमध्ये पंचविसावा तास पुन्हा १:०० दिसू शकतो. वेळेच्या रकान्याचा नुसता आलेख काढला आणि तो सरळ चढता आला तर ठीक. एखाद्या घरात संख्येऐवजी ओव्हरफ्लोचा (रीडिंग मर्यादेबाहेर गेल्याचा) शब्द असेल तर तोही काढा, नाहीतर अख्खा रकाना मजकूर म्हणून वाचला जातो. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही. तिची प्रत करून सगळं काम प्रतीवर.

यानंतर सगळ्या ९६ वेलचे आलेख लॉग स्केलवर, प्लेटच्याच मांडणीत, आठ ओळी आणि बारा रकाने असे एका पानावर काढा. माझ्या दृष्टीने ही सगळ्या विश्लेषणातली सर्वांत मोलाची पायरी आहे. कडेचे वेल आटून गेले असतील, एखाद्या वेलमध्ये बुडबुडा अडकला असेल, ब्लँक म्हणून ठेवलेल्या वेलमध्ये दहाव्या तासाला वाढ सुरू झाली असेल, एखादी ओळ पिपेटिंगमध्ये चुकली असेल, तर ते सरासरीत दिसत नाही, इथे दिसतं. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं निर्जंतुक पाणी भरून आतले ६० वेल वापरण्याची पद्धत त्यामुळेच पडली आहे. झाकणाला दव धरण्याचा त्रास असेल तर आतल्या बाजूला २० टक्के इथेनॉलमधलं ०.०५ टक्के ट्रायटन एक्स-१०० लावून, वाळवून मग वापरतात.

लॉग स्केलचा आग्रह का? एक्स्पोनेन्शिअल वाढ लॉग स्केलवर सरळ रेषा होते. साध्या स्केलवर दिसणारा सुंदर एस आकार डोळ्याला फसवतो. त्यातला सर्वांत तीव्र चढाचा भाग म्हणजे लॉग फेज (एक्स्पोनेन्शिअल वाढीचा टप्पा) असं वाटतं, पण तोवर बहुतेक वेळा वाढ मंदावायला लागलेली असते. खरी लॉग फेज त्याच्या आधी, तळाशी चिकटलेल्या भागात होऊन गेलेली असते.

ओडी आणि पेशींची संख्या यांचं नातं किती दूरपर्यंत सरळ राहतं, हेही बघावं लागतं. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये साधारण ०.४ च्या पुढे ओडी पेशींच्या मानाने कमी भरायला लागते. मर्यादा उपकरणागणिक बदलते. प्लेटमध्ये तर द्रवाची उंचीच वेगळी, साध्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर भरलं तर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त. उपाय सोपा आहे. एक दाट कल्चर घ्या, तिची निम्मी, पाव, अष्टमांश अशी डायल्युशन्स करा, सगळ्यांची ओडी त्याच रीडरवर, तेवढ्याच आकारमानात घ्या आणि डायल्युशनविरुद्ध आलेख काढा. जिथे रेषा वाकते ती तुमच्या उपकरणाची मर्यादा. ग्रोथ रेट त्या खालच्या भागातूनच काढायचा. आणि एका रीडरवरची ओडी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या ओडीशी थेट ताडून पाहायची नाही. २०१८ च्या आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या २४४ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रश्न तपासला होता. ठरावीक आकाराच्या सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांनी रीडर कॅलिब्रेट केले तर ओडीवरून पेशींच्या संख्येचा अंदाज भरवशाचा होतो, असं त्यातून दिसलं. तो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता कॅल्कमधली पद्धत. एका रकान्यात वेळ तासांमध्ये, दुसऱ्यात ब्लँक वजा केलेली ओडी, तिसऱ्यात तिचा एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉग. चौथ्या रकान्यात स्लोप हे फंक्शन वापरून सलग पाच बिंदूंचा चढ काढायचा आणि तेच सूत्र खाली ओढत न्यायचं. पहिल्या ते पाचव्या बिंदूचा चढ, मग दुसऱ्या ते सहाव्याचा, असं. या रकान्यातला जो सर्वांत मोठा आणि आजूबाजूलाही टिकून राहणारा आकडा, तो म्यू, म्हणजे दर तासाचा स्पेसिफिक ग्रोथ रेट. ०.६९३ ला त्याने भागलं की जनरेशन टाइम तासांत मिळतो. कॅल्क नवीन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून आहेत.

‘टिकून राहणारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाच बिंदू ही संख्या पवित्र नाही. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होत असेल आणि रीडिंग दर दहा मिनिटांनी असेल तर पाच बिंदूंत चाळीस मिनिटं, म्हणजे दोन जनरेशन येतात. उत्तम. तीच कल्चर तुम्ही कलरीमीटरवर दर अर्ध्या तासाने मोजत असाल तर पाच बिंदूंत दोन तास, सहा जनरेशन, ६४ पट वाढ. ०.०२ पासून निघालात तर १.२८ ला पोचलात, सरळ रेषेचा भाग कधीच मागे पडला. उलट टोकाला, तीन तासांत दुप्पट होणारा जिवाणू दर दोन मिनिटांनी मोजला तर पाच बिंदूंची आठ मिनिटं होतात आणि त्यात ओडी अवघी तीन टक्के वाढते. तेवढी तर रीडरची थरथरच असते, आणि शेकडो खिडक्यांमधून (सलग बिंदूंच्या अशा गटांमधून) सर्वांत मोठा चढ निवडला तर थरथरीतला सर्वांत मोठा उसळलेला तुकडा निवडला जातो. रेट खऱ्यापेक्षा जास्त येतो, दरवेळी जास्तच येतो. म्हणून खिडकी साधारण एक ते दोन जनरेशनची ठेवा, मग त्यात बिंदू किती बसतात ते बघा. चारपेक्षा कमी बसत असतील तर रीडिंग जास्त वेळा घ्यायला हवं होतं, किंवा तापमान कमी करून वाढ हळू करायला हवी होती.

थोमास पेट्झोल्ट यांच्या ग्रोथरेट्स या आर पॅकेजमधलं फिट_ईझीलिनिअर हे फंक्शन नेमकं हेच करतं. मूळ सेटिंगमध्ये सलग ५ बिंदूंची खिडकी, सर्वांत मोठा चढ शोधायचा, आणि शेजारच्या ज्या खिडक्यांचा चढ त्याच्या ९५ टक्के तरी आहे त्यांचे बिंदूही सामावून घ्यायचे. दोन्ही आकडे बदलता येतात. मागची कल्पना २०१४ च्या बॅरी हॉल आणि सहकाऱ्यांच्या कामातली. कॅल्कमध्ये एकदा हाताने केलं असेल तर हे फंक्शन काय करतंय ते तुम्हाला आरपार समजतं, आणि मग ९६ वेलना ते एका ओळीत लावता येतं. आर न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही मी हे पॅकेज शिकायला सांगते, कारण लागणारं आर दहा-पंधरा ओळींपलीकडचं नसतं आणि पुढच्या प्लेटला तेच जसंच्या तसं चालतं.

डॅशिंग ग्रोथ कर्व्ह्ज हे मायकेल रायटर आणि युलिया फोरहोल्ट यांचं, २०२४ मधलं. काही बसवावं लागत नाही. फाइल चढवायची, आलेख लॉग स्केलवर येतात, आणि सरळ भाग कोणता धरला आहे ते डोळ्यांसमोर दिसतं, हाताने बदलता येतं. पहिल्यांदाच विश्लेषण करणाऱ्यासाठी मला हेच आवडतं, कारण ते आलेख बघायला भाग पाडतं. एक पथ्य पाळा. हाताने भाग निवडायचा असेल तर कोणता वेल कंट्रोल आणि कोणता ट्रीटमेंट हे न पाहता निवडा, किंवा सगळ्यांना एकच नियम लावा. नाहीतर हव्या त्या निकालाकडे हात नकळत झुकतो.

क्यूयूआरव्हीई २०२३ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये आलं. आर बसवावं लागतं, पण त्यानंतर सगळं स्क्रीनवर, बटणांनी. तुमची एक्सेल शीट त्याला हव्या त्या साच्यात बसवायची: डावीकडे वेळ, आणि प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर तीन ओळी, नमुन्याचं नाव, रेप्लिकेटचा (त्याच नमुन्याच्या पुनरावृत्तीचा) क्रमांक, तीव्रता. त्यात लॉगवरची सरळ रेषा, स्प्लाइन (बिंदूंना धरून जाणारा लवचीक वक्र), आणि लॉजिस्टिक, गॉम्पर्ट्झ, रिचर्ड्स, बारान्यी अशी मॉडेल्स तिन्ही आहेत. अर्काच्या किंवा अँटिबायोटिकच्या वेगवेगळ्या तीव्रता असतील तर डोस-रिस्पॉन्स काढून ईसी-५० (निम्मा परिणाम करणारी तीव्रता) देतं, त्यामुळे तुमच्या प्रकारच्या प्रकल्पाला ते चपखल बसतं. फ्लुओरेसन्स मोजत असाल तर तेही हाताळतं. धोका इतकाच की पर्याय खूप आहेत, आणि सगळे टिचकवून जो आकडा आवडेल तो घेण्याचा मोह होतो.

ग्रोथकर्व्हर कॅथलीन स्प्राउफस्के आणि आंद्रेआस वॅग्नर यांनी २०१६ मध्ये आणलं. अख्खी प्लेट एका आदेशात, प्रत्येक वेलला के (वाढीची कमाल पातळी), आर (वाढीचा वेग, आर भाषा नव्हे), जनरेशन टाइम आणि वक्राखालचं क्षेत्रफळ. पण ते लॉजिस्टिक समीकरण बसवतं, आणि या समीकरणात लॅगसाठी जागाच नाही. शिवाय वक्र साध्या ओडीवर बसवला जातो, त्यामुळे मोठ्या ओडीचे बिंदू त्याला आपल्याकडे ओढतात. ०.०१ ते ०.१ हा जो खऱ्या एक्स्पोनेन्शिअल वाढीचा टप्पा, त्याचं वजन जवळपास शून्य. म्हणून त्याचा ‘आर’ हा आकडा वक्राच्या मधल्या आणि वरच्या आकारावरून ठरतो. ग्लुकोज संपल्यावर लॅक्टोजवर जाणारी ई. कोलाय मध्येच थबकते आणि वक्राला दोन पायऱ्या येतात. त्यावर एकच एस ताणून बसवला जातो. वेगवेगळ्या स्ट्रेन ढोबळपणे वेगळ्या काढायच्या असतील, शेकडो वेल चाळायचे असतील, तर ग्रोथकर्व्हर अजूनही उत्तम. त्यातलं वक्राखालचं क्षेत्रफळ तर मॉडेलशिवायही मिळतं आणि वाढ रोखणाऱ्या पदार्थांच्या तुलनेत फार उपयोगी पडतं. शेवटच्या ‘नोट’ रकान्यात फिट शंकास्पद असल्याची सूचना येते, ती वाचा. पण प्रबंधात ‘स्पेसिफिक ग्रोथ रेट’ म्हणून लिहायचा आकडा लॉगवरच्या सरळ रेषेतून काढा.

आर जमू लागल्यावर माइक ब्लाझॅनिन यांचं जीसीप्लायर जरूर पाहा. प्लेटची मांडणी, म्हणजे कोणत्या वेलमध्ये काय आहे, हे वेगळ्या शीटमध्ये ठेवून रीडरच्या आकड्यांशी जोडण्याचं किचकट काम ते नीट करतं. आणि ते कोणतंही समीकरण न लादता डेरिव्हेटिव्ह (वक्राचा त्या-त्या वेळचा चढ) काढून रेट देतं, त्यामुळे दोन पायऱ्यांचे वक्रही त्याला चालतात.

लॅगबद्दल मी सावध करते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४९ च्या लेखात वाढीच्या ज्या तीन राशी मांडल्या त्यांत लॅग होता, पण ओडीवरून तो काढणं सर्वांत नाजूक काम आहे. ओडी बहुतेक उपकरणांवर मिलिलिटरला एक कोटीच्या आसपास पेशी झाल्यावरच दिसायला लागते. तुम्ही मिलिलिटरला दहा हजार पेशी घातल्या आणि त्या एक मिनिटही न थांबता वीस मिनिटांत दुप्पट होऊ लागल्या, तरी एक कोटीला पोचायला दहा जनरेशन, म्हणजे तीन तास वीस मिनिटं लागतात. आलेखात तेवढा भाग सपाट दिसतो आणि सॉफ्टवेअर त्याला लॅग म्हणतं. म्हणून सुरुवातीची ओडी सगळीकडे सारखी ठेवली असेल आणि ती मोजता येण्याजोगी असेल, तरच लॅगची तुलना करा. इनॉक्युलम कमी-जास्त झालं असेल तर लॅगचा रकाना प्रबंधातून काढून टाकलेला बरा.

याच गोष्टीचा फायदाही घेता येतो, आणि ही पद्धत कलरीमीटरवाल्या कॉलेजांसाठी फार कामाची आहे. एकाच कल्चरची दहा-दहा पट डायल्युशन्स लावा आणि प्रत्येक नळी ठरावीक ओडीला, समजा ०.२ ला, किती वाजता पोचते एवढंच टिपा. दहा पट पातळ नळी जेवढी उशिरा पोचेल, त्या तासांनी २.३०३ ला भागा. उशीर ७० मिनिटांचा, म्हणजे १.१६७ तासांचा असेल तर म्यू १.९७ आणि जनरेशन टाइम २१ मिनिटं. सगळ्या नळ्या एकाच ओडीवर मोजल्यामुळे ओडी सरळ आहे की वाकडी, हा प्रश्नच उरत नाही, आणि लॅग सगळ्यांचा सारखा असल्याने वजाबाकीत निघून जातो. तीन-चार डायल्युशन्स असतील तर डायल्युशनच्या लॉगविरुद्ध वेळ मांडून कॅल्कमध्ये एक रेषा, झालं. कलरीमीटर ब्रॉथवर शून्य केला असेल तर ब्लँक आधीच वजा झालेला आहे. फाइलमध्ये पुन्हा वजा करू नका.

प्लेट काउंटचा डेटा असेल, श्रीखंड, पनीर, मासळी टिकण्यावर काम असेल, तर कॉमबेस या अन्नातल्या जिवाणूंच्या वाढीच्या डेटाबेसच्या संकेतस्थळावरचं डीएमफिट वापरा. योझेफ बारान्यी आणि टेरी रॉबर्ट्स यांचं १९९४ चं मॉडेल त्यात आहे आणि लॅग त्यात नीट मांडलेला आहे. कॉमबेस अमेरिकेचा कृषी विभाग आणि टास्मानिया विद्यापीठ चालवतात, वापर मोफत. तिथे आकडे दहाच्या पायाच्या लॉगमध्ये द्यायचे असतात, म्हणून मिळणारा रेटही त्याच पायाचा असतो. ओडीवरून काढलेल्या म्यूशी तुलना करायची तर त्याला २.३०३ ने गुणा. हा गुणाकार राहिला तर एकाच जिवाणूचे दोन रेट दुपटीहून जास्त वेगळे दिसतात.

आलेखांबद्दल. नुसती बसवलेली रेषा दाखवू नका, मूळ बिंदू दिसू द्या. सरासरीच्या रेषेमागे प्रत्येक रेप्लिकेट फिकट रंगात काढा. जीजीप्लॉट-२ मध्ये लॉग अक्ष आणि प्लेटच्या मांडणीतली घरं प्रत्येकी एका ओळीत होतात. लाल-हिरव्याची जोडी टाळा. रंगांधत्व असलेल्या वाचकाला त्या दोन रेषा एकच दिसतात. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेले आठ रंग आरमध्ये तयार मिळतात, किंवा तीव्रता चढत्या क्रमाने असतील तर व्हिरिडिस ही रंगमाला. प्रबंधाची प्रत झेरॉक्सला जाणार हे गृहीत धरून रेषांचे प्रकार आणि बिंदूंचे आकारही वेगळे ठेवा. अक्षावर ‘ओडी ६००, ब्लँक वजा करून’ असं पूर्ण लिहा. आणि वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याला या कामातून वगळू नका. आर हे मजकुरावर चालतं, एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर वापरता येतं, आणि न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले जोनाथन गॉडफ्री, जे स्वतः दृष्टिहीन आहेत, त्यांनी ब्रेलआर नावाचं पॅकेज केलं आहे. ते आलेखात काय आहे हे शब्दांत सांगतं.

संख्याशास्त्राचा एकच मुद्दा, पण परीक्षक तो नक्की विचारतात. एकाच ओव्हरनाइट कल्चरमधून भरलेले आठ वेल म्हणजे आठ रेप्लिकेट नव्हेत. ते पिपेट आणि रीडरची अचूकता सांगतात, जिवाणूबद्दल फार काही सांगत नाहीत. वेगळ्या कॉलनीपासून, शक्यतो वेगळ्या दिवशी सुरू केलेल्या कल्चर हव्यात. त्या आठ वेलची सरासरी घेऊन एक रेट, असे किमान तीन स्वतंत्र रेट, आणि टी-टेस्ट किंवा अ‍ॅनोव्हा या रेटवर. प्रत्येक वेळेच्या ओडीवर वेगवेगळी टेस्ट लावत बसू नका.

जे सॉफ्टवेअर निवडाल त्याची आधी परीक्षा घ्या. कॅल्कमध्ये खोटा डेटा तयार करा: सुरुवात ०.०१, सुरुवातीचा जनरेशन टाइम बरोबर तीस मिनिटं, लॉजिस्टिक समीकरणाने शेवट १.० ला सपाट, वर ०.०९ चा ब्लँक, आणि दर रीडिंगला हजारांशात थोडी यादृच्छिक थरथर. याचा म्यू १.३८६ आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आता तो सॉफ्टवेअरला द्या. १.३ ते १.४५ मध्ये उत्तर आलं तर सेटिंग ठीक. १.८ किंवा ०.६ आलं तर ब्लँक, लॉगचा पाया, वेळेचं एकक, यापैकी काहीतरी बिघडलं आहे, आणि ते तुमच्या खऱ्या डेटातही बिघडलेलं असणार. चॅटबॉटकडून आरचा कोड लिहून घेत असाल तर ही परीक्षा सोडूच नका. तो कोड चालतो म्हणजे बरोबर आहे असं नव्हे.

प्रबंधाच्या पद्धती विभागात मग एवढं लिहा: रीडरचं नाव, वेलमधलं आकारमान, तापमान, हलवण्याची पद्धत, दोन रीडिंगमधलं अंतर, ब्लँक कोणता आणि कसा वजा केला, ओडीच्या कोणत्या टप्प्यातून रेट काढला, खिडकी किती बिंदूंची होती, नैसर्गिक लॉग की दहाच्या पायाचा, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, किती स्वतंत्र कल्चर आणि प्रत्येकी किती वेल, कोणते वेल वगळले आणि का. मूळ फाइल, प्लेटच्या मांडणीची शीट आणि कोड असेल तर तो, तिन्ही गाइडकडे आणि एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवून द्या.